काकवीच्या वासाची बाटली

गोरं करण्याचा धंदा आम्ही दोघी जावांनी सांगलीत मांडला, आणि आमची लाज राखली ती मात्र काळं करणाऱ्या एका बाटलीने. आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. वाटू दे. मी तिथं होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेत आमचं घर, पुढची खोली रस्त्याला लागून. थोरले दीर फौजेत, ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. माझे हे एसटीत कंडक्टर, ते रोज यायचे, पण आले की जेवून झोपायचे. घरात आम्ही दोघीच खऱ्या. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणायचे. पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढायचं हे खूळ त्यांचंच. पुण्याला बहिणीकडे राहून त्या रीतसर शिकून आल्या आणि आल्या त्या पाटीच रंगवून घेऊन आल्या. गल्लीतल्या पुरुषांना वाटलं, बायकांचं सलून निघालं, आता बुडाला धर्म. बायका मात्र महिन्याभरात मागच्या दाराने यायला लागल्या, आणि वर्षाच्या आत पुढच्या.

भुवया कोरायच्या त्या मी. माझा हात जलद आणि जीभ त्याहून जलद, त्यामुळे बाई कळवळायच्या आत हसायला लागायची. पण चेहरा आक्कांचा. त्यांचे हात उन्हाळ्यातसुद्धा गार असायचे. क्रीम घेऊन त्यांनी गालावर बोटं ठेवली की भल्या भल्या तोऱ्यातल्या बायका डोळे मिटायच्या आणि सासरच्या तक्रारी सांगायला लागायच्या. लग्नसराईत नवरी सजवायला आक्काच पाहिजेत, असा हट्ट व्हायचा. मी नुसती पिना देणारी.

आणि मग एका हिवाळ्यात आक्कांच्या उजव्या हातावर पांढरा डाग उठला. आधी अंगठ्याच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा. बघता बघता बोटांच्या पेरांवर सरकला, मग डाव्या हातावरही आला. कोड.

डॉक्टरांनी सांगितलं, हे लागत नाही, दुखत नाही, जिवाला काही धोका नाही. आम्हाला ते कळलं. पण गिऱ्हाईक काही डॉक्टरांना विचारून येत नाही. कोड असलेल्या बाईच्या हातून लोक हळदीकुंकू लावून घेत नव्हते त्या काळात, कपाळ मागं घ्यायचे. मग तोंडाला क्रीम कोण चोळून घेणार? आक्का एकदा चुलीपुढे बसून म्हणाल्या, "हात गेले की मी कोण गं? फौजेतल्या माणसाची बायको, एवढंच ना?" मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, आधी भाकरी करपतीय ती बघा.

आक्कांनी रबरी हातमोजे घातले. गिऱ्हाइकांना सांगितलं, ब्लीचने हात खराब झाले. पण रबराच्या हाताने मसाज म्हणजे काय मजा! एक वकिलीणबाई उठून म्हणाल्या, "अहो, सायकलची ट्यूब फिरवताय का तोंडावरून?" त्या परत आल्या नाहीत. हळूहळू आणखी एक-दोघी दिसेनाशा झाल्या. मोजे काढले तर सगळ्याच जाणार आणि ठेवले तर एकेक करून जाणार, अशी गत झाली.

अशात एक दिवस दुपारी गूळवाल्या काकू रिक्षातून उतरल्या. मार्केट यार्डात त्यांच्या यजमानांची गुळाची अडत होती. काकू म्हणजे एरवी गाडीभर आवाज आणि वर पसाभर दागिने. त्या दिवशी मात्र डोक्यावरून शाल, ती नाकाखाली आवळलेली, नुसते डोळे बाहेर. आत आल्या, दार लावलं, शाल सोडली. मी "अगं बाई!" म्हणून मागं सरले.

तोंड सगळं नारिंगी-तपकिरी, तेही एकसारखं नाही. कपाळावर पट्टे, नाकाशी गडद, हनुवटीवर ओघळ. तळहात तर गाजरासारखे.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेलेला. त्याने येणाऱ्या कुणाबरोबर आईसाठी साबण, पावडर असं काय काय पाठवलं, त्यात एक बाटली होती. आत दुधासारखं पातळ लोशन. काकूंनी विचार केला, अमेरिकेत सगळे गोरे, म्हणजे तिथली बाटली गोरं करणारीच असणार. दुसरी कशाला असेल? रात्री उटण्यासारखा जाड थर लावून झोपल्या. सकाळी आरशात तोंड जरा काळवंडलेलं दिसलं. त्यांना वाटलं, औषध अजून लागू पडलं नाही. दुसऱ्या रात्री आणखी जाड लावलं. सकाळी आणखी काळं. तिसऱ्या रात्री मानेलाही लावलं.

"आवं, मग बंद का नाही केलं?" मी विचारलं.

"बंद कसं करायचं? महागाची वस्तू!"

घरच्यांनी तळहात बघितले आणि कावीळच ठरवली. उसाचा रस सुरू झाला, तेल-तिखट बंद. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, म्हणाला, उतरली बघा. ते पाणी कुणाचेही हात धुवा, पिवळं होतंच. यजमानांनी त्याला गुळाची ढेप दिली. तोंड आहे तसंच.

आक्कांनी बाटली मागितली. काकूंनी ती पिशवीतून अशी काढली, जणू मेलेला उंदीर काढतायत. मी मॅट्रिक, इंग्रजी वाचायची. बारीक अक्षरातलं एकेक वाक्य लावत मी वाचत गेले आणि मग मला जे हसू फुटलं ते आवरेना.

"काकू, हे गोरं करायचं नाही हो. उन्हात न बसता अंगाला सावळा रंग आणायचं औषध आहे."

"काळं करायचं?" काकूंचा विश्वासच बसेना. "पैसे देऊन?"

"तिकडच्या बायकांना उन्हाने रापलेलं आवडतं म्हणे."

"यडपट हायत का काय!" चिडल्यावर काकूंची भाषा थेट मिरजेपलीकडच्या त्यांच्या माहेराला जाऊन पोचायची. "हितं आमी जलमभर डाळीचं पीठ घासतोय, आन् ह्या बया... आन् आमचं बेनं आईला हेच धाडतंय व्हय!"

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, दही, डाळीचं पीठ आणि लिंबू कालवलं आणि हलक्या हाताने घासायला घेतलं, त्या मोज्यांनीच. समजावून सांगितलं की हा रंग वरच्या कातडीत बसतो, पाण्याने जात नाही. कातडी झडेल तसा जाईल, रोज उटणं लावलं तर लवकर. काकू चार-पाच वेळा आल्या, आणि खरंच तोंड मोकळं झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी आमच्या देव्हाऱ्यापुढे उभं राहून शपथ घेतली, "आजपासून माझ्या तोंडाला पाण्याशिवाय काय लागणार न्हाई. क्रीम न्हाई, पावडर न्हाई, कुणाचा हात बी न्हाई." आणि बाटली आमच्या टेबलावर आदळून गेल्या. "ठेवा तुमच्याकडं. न्हाईतर फेका कृष्णेत."

संध्याकाळी मी बाटली केराच्या टोपलीत टाकायला उचलली. आक्का म्हणाल्या, "थांब." मोजा काढलेला हात त्यांनी दिव्याखाली धरला होता. मला एका क्षणात कळलं, बाटली मी परत टेबलावर ठेवली.

पण आक्का काकू नव्हत्या. नवी वस्तू कसलीही असो, आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावायची, एक दिवस वाट बघायची, खाज नाही, पुरळ नाही, मग पुढं. हा त्यांचा पार्लरमधला नियम, आणि तो त्यांनी स्वतःलाही सोडला नाही. मी म्हटलं, काकूंनी तीन रात्री तोंडाला थापलंय, आणखी काय परीक्षा घेताय? "ती त्यांची कातडी, ही माझी," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोपराशी छान गव्हाळ ठिपका होता.

पहिल्यांदा हातावर लावलं तेव्हा मात्र फजितीच. पांढरे डाग गेले आणि त्याच जागी तपकिरी आले. आक्का हात बघून म्हणाल्या, "चित्ता झाले की गं मी!" आणि दोघी इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली. मग शिकलो. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, तेलाचा अंश नको. नखांच्या कडेला व्हॅसलिन, नाहीतर नखं विडी ओढणाऱ्यासारखी दिसतात. लोशनमध्ये थोडं कोल्ड क्रीम मिसळून पातळ करायचं, काडीला कापूस गुंडाळून फक्त डागावर टेकवायचं, तळहाताला लागलं तर तिथल्या तिथं पुसायचं. कापलं-खरचटलं असेल तिथं अजिबात नाही. खिडकी उघडी. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, रंग चढायला पाच-सहा तास लागतात. रविवारी दुपारी आक्का अशा बसायच्या आणि मी त्यांना घास भरवायची. नव्या नवरीचेसुद्धा इतके लाड कुणी केले नसतील.

आणि वास! रंग चढायला लागला की हाताला वास यायचा, गुऱ्हाळात उसाचा रस आटून काहिलीतून काकवी उतरते तसा, जरा करपट गोड. सांगलीत कुणाच्या लक्षात येणार? निम्म्या गावाला तोच वास.

एकदा एवढंच झालं. रंग बसलाय म्हणून आक्का भर उन्हात छत्रीशिवाय, उघड्या हाताने मंडईत जाऊन आल्या. रात्री डागांची जागा लालबुंद, आग आग. रंग असला तरी आतली कातडी उघडीच राहते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी छत्री दाराच्या खुंटीला टांगली आणि सांगून टाकलं, छत्रीशिवाय उंबरा ओलांडलात तर मी माहेरी जाईन. त्यांनी मुकाट्याने ऐकलं, नाहीतर भुवया कोण कोरणार?

मोजे गेले. गेलेली गिऱ्हाइकं परत आली, त्या वकिलीणबाईसुद्धा. आक्का परत गुणगुणायला लागल्या.

बाटली संपत आली तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमक्या त्याच सुमारास काकू उगवल्या, रागाने लाल. "बघा की, परत तीच बाटली! कितींदा सांगितलं ह्या पोराला. शिकून गाढव झालंय नुसतं. मला तर बघवत न्हाई, ठेवा तुमीच." आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर हसू फुटलं असतं. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा शिव्या, पुन्हा बाटली. काकू गेल्या की मी म्हणायची, "आक्का, देव त्या पोराला अशीच बुद्धी देवो. अमेरिकेत शिकून एवढं कळत नाही त्याला." आक्का देव्हाऱ्याला हात जोडायच्या.

पुढे काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा फौजेतला, साताऱ्याकडचा, लग्न साताऱ्याला. नवरी आक्कांनीच सजवायची हे काकूंनी मुलगा बघायच्या आधीच ठरवून ठेवलेलं. आमची बाटली तेव्हा रिकामी झाली होती. पण अमेरिकेतला भाऊ लग्नाला येणारच होता. आक्का म्हणाल्या, "तो आणेलच. त्याच्या डोक्यावर माझा भरवसा आहे." शेवटचे थेंब हाताला लावून आम्ही एसटीत बसलो.

हळदीच्या दिवशी घात झाला. काकूंच्या नात्यातल्या बायका म्हणाल्या, पार्लरवाल्या बाई आल्यायत तर नवरीला उटणं त्याच लावू देत. आक्का हौसेने बसल्या. हळद, तेल, डाळीचं पीठ, दूध, त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत. दुपारभर चोळणं चाललं, गाणी चालली. ज्या उटण्याने आम्ही काकूंचं तोंड सोडवलं होतं त्याच उटण्यात आक्का हात घालून बसल्यात, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. एवढ्या वर्षांचा धंदा, आणि अक्कल अशी पेंड खायला गेली! संध्याकाळी हौदावर हात धुतले. हळद गेली, तेल गेलं आणि रंगही गेला. पांढरी बोटं. आणि काकूंच्या मुलाचं विमान उशिरा, तो मुंबईलाच अडकलेला.

सकाळी आक्का मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "तू सजव तिला. मी मागून सांगते."

"मी? मी अंबाडा घालीन, पण तो चेहरा तुमचा आहे."

"माझे हात बघ की गं."

त्यांचा आवाज फाटला. मी पिनांची डबी उघडून उगाचच पिना मोजायला लागले.

तेवढ्यात मुलाकडच्या बायका नवरी बघायला खोलीच्या दारात आल्या. पुढं नवऱ्या मुलाची आत्या, नऊवारी कडक नेसलेली. नवरी स्टुलावर बसलेली, आक्कांच्या हातात पावडरचा डबा. आत्याबाईंची नजर थेट तिथंच गेली.

"आवं, ह्या बाईंच्या हाताला काय हाय? कोड हाय जनू." मग आवाज न उतरवता, "शुभकार्यात नवरीच्या तोंडाला ह्यांचा हात लावनार व्हय?"

आक्कांनी डबा खाली ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी पदर खोचला, आता आत्याबाईंची हजेरीच घेणार होते. पण काकू माझ्या आधी हलल्या. त्यांनी लेकीचा दंड धरला, "ऊठ गं," म्हणून तिला बाजूला केलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. बुगड्या काढून माझ्या हातात दिल्या. चष्मा काढला. तोंड पुढं केलं.

"आक्का, आधी माझं करा. क्रीम, पावडर, सगळं. चांगलं हातानं चोळून."

देव्हाऱ्यापुढे शपथ घेतलेली ती बाई. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला खरंच पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं, भुवयासुद्धा तिने मला करू दिल्या नव्हत्या.

आक्का हलेनात. हळूच म्हणाल्या, "काकू, आज हात तसेच आहेत."

"ठाव हाय मला. गुळात जलम गेला माझा, काकवीचा वास वळखत न्हाई व्हय मी? तीन दिस माझ्याच तोंडाला येत हुता." काकूंनी आक्कांचा उजवा हात धरला आणि आपल्या गालावर नेऊन ठेवला. "गार हायत हो अजून," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

आक्कांनी क्रीम घेतलं. मला पिना दिसेनाशा झाल्या, डोळ्यांत पाणीच तेवढं. काकूंचं सगळं तोंड त्यांनी शांतपणे केलं, सगळ्या बायकांसमोर, मग नवरीचं केलं. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या, त्या काही आल्या नाहीत. नाही तर नाही. त्यांच्या दोन्ही सुना मात्र त्यांच्या बगलेखालून वाट काढून आत आल्या आणि आमचंबी जरा करा की म्हणत रांगेत बसल्या.

एवढ्यात टॅक्सीतून काकूंचा मुलगा उतरला. रात्रभरचा प्रवास, दाढी वाढलेली. बहिणीला भेटला, आईच्या पाया पडला, आणि खांद्यावरची बॅग उघडून सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, हे घे बाई तुझं. दर पत्रात तेच, विसरू नको, विसरू नको. या वेळी चार आणल्यात."

चार बाटल्या. त्याच.

"मेल्या, हितं कशाला काढल्यास!" काकू पावडर लावलेल्या तोंडाने ओरडल्या. इतकी वर्षं ज्याला आम्ही गाढव म्हणत होतो तो पोरगा गोंधळून आईकडे बघत राहिला. काकूंनी नजर चुकवली आणि माझ्या हातातल्या बुगड्या हिसकावून घेतल्या.

आक्कांनी बाटल्या घेतल्या, पिशवीत नीट उभ्या ठेवल्या. मग कुंकवाचा करंडा उघडला.

"काकू, तोंड इकडं करा," त्या म्हणाल्या. "कुंकू राहिलंय तुमचं."

काकूंनी कपाळ पुढं केलं.